सुपर कप : दोन हंगामांत थांबलेली राष्ट्रीय स्पर्धा

सुपर कप ही भारतीय फुटबॉल क्लबांची बाद पद्धतीची राष्ट्रीय स्पर्धा. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने ती २०१८ मध्ये सुरू केली. २०१९ नंतर ती खंडित झाली आणि पुन्हा भरण्यास २०२३ उजाडले. पहिल्या पर्वाचे आयुष्य अवघे दोन हंगामांचे. त्या दोन्ही वर्षांचे विजेते मात्र बेळगाव-निपाणीकरांना जवळचे होते : पहिल्या वर्षी बेंगळूर, दुसऱ्या वर्षी चोर्ला घाटाखालचा गोवा.

पूर्वपीठिका

सुपर कपपूर्वी हा मान फेडरेशन चषकाकडे होता. १९७७ मधील पहिला फेडरेशन चषक बेंगळूरच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजने मोहन बागानला नमवून जिंकला. २०१७ मध्ये कटक येथे झालेल्या अखेरच्या अंतिम सामन्यातही पराभूत संघ मोहन बागानच होता आणि विजेता पुन्हा बेंगळूरचाच. जादा वेळेत सी. के. विनीतने केलेल्या दोन गोलांनी बेंगळूर एफसीने तो सामना २-० असा जिंकला.

स्वरूप

त्या काळी देशात इंडियन सुपर लीग आणि आय-लीग या दोन समांतर स्पर्धा चालत. दोन्हीकडील क्लब समोरासमोर येण्याचे व्यासपीठ म्हणून सुपर कपची आखणी झाली. प्रत्येक लीगमधील पहिल्या सहा संघांना थेट प्रवेश होता. उरलेल्या आठ संघांतून पात्रता फेरीद्वारे चार संघ निवडले जात आणि सोळा संघांची मुख्य स्पर्धा भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियमवर खेळवली जाई.

पहिला हंगाम : २०१८

उपांत्यपूर्व फेरीत एफसी गोवाने जमशेदपूरला ५-१ असे हरवले. परंतु हा सामना ध्यानात राहिला तो दोन्ही संघांतील मिळून सहा खेळाडूंना दाखविलेल्या लाल कार्डांमुळे. उपांत्य फेरीत ईस्ट बंगालने गोव्याला १-० असे रोखले. बेंगळूरने दहा खेळाडूंनिशी, मिकूच्या तीन गोलांच्या बळावर, मोहन बागानवर ४-२ अशी मात केली. २० एप्रिलच्या अंतिम सामन्यात क्रोमाने ईस्ट बंगालला आघाडी मिळवून दिली. राहुल भेकेने बरोबरी साधली. मध्यंतरानंतर दहा खेळाडूंवर आलेल्या ईस्ट बंगालविरुद्ध सुनील छेत्रीने दोन व मिकूने एक गोल केला आणि बेंगळूर ४-१ असे विजयी झाले.

दुसरा हंगाम : २०१९

आपल्या लीगचे भवितव्य काय, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर महासंघाकडून न मिळाल्याने आय-लीगमधील अनेक क्लबांनी माघार घेतली. काही सामने न खेळताच निकाली निघाले आणि माघार घेणाऱ्यांवर दंडात्मक कारवाई झाली. दोन लीगना जोडण्यासाठी मांडलेला डाव दोन लीगमधील वादानेच विस्कटला.

तरीही आय-लीग विजेत्या चेन्नई सिटीने गतविजेत्या बेंगळूरला उपांत्यपूर्व फेरीत घरी पाठवले. उपांत्य फेरीत गोव्याने चेन्नई सिटीला ३-० असे नमवले. १३ एप्रिलच्या अंतिम सामन्यात गोव्यासमोर चेन्नईन होता. याच संघाने २०१५ मध्ये फातोर्ड्यावर इंडियन सुपर लीगचे विजेतेपद गोव्याच्या हातून हिरावले होते. या वेळी कोरोमिनास आणि ब्रँडन फर्नांडिस यांच्या गोलांनी गोवा २-१ असा जिंकला. महिन्यापूर्वीच इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात बेंगळूरकडून हरलेल्या या क्लबचा हा पहिला मोठा करंडक ठरला.

खंड आणि पुनरागमन

फेडरेशन चषकाच्या विजेत्यास आशियाई स्पर्धेचे दार खुले होई. सुपर कपच्या पहिल्या दोन विजेत्यांच्या वाट्याला ते आले नाही. वादाने दुबळी झालेली स्पर्धा २०२० मध्ये भरली नाही आणि करोनाच्या साथीत तिचा खंड लांबला.

२०२३ मध्ये केरळात स्पर्धा पुन्हा भरली. अंतिम फेरीत बेंगळूरला २-१ असे हरवून ओडिशा एफसी विजेता ठरला आणि त्यास आशियाई स्पर्धेची पात्रता लढत खेळता आली. २०२४ मध्ये ईस्ट बंगालने चषक पटकावला. ३ मे २०२५ रोजी गोव्याने जमशेदपूरला ३-० असे हरवले आणि हा चषक दोनदा जिंकणारा तो पहिला क्लब ठरला. त्याच विजयाच्या आधारे गोवा आशियाई स्पर्धेत उतरला आणि ऑक्टोबरमध्ये सौदी अरेबियाचा अल नासर फातोर्ड्यावर खेळून गेला. २०१९ च्या विजेत्यांना केवळ करंडक मिळाला होता. २०२५ च्या विजेत्यांना त्यापुढची वाटही मिळाली.