रेषेंतून छाया

खिळ्यांच्या छापखान्यांचें राज्य होतें त्या काळीं चित्राचा ठसा करून घ्यावयाचा झाला म्हणजे प्रथम एक गोष्ट ठरवावी लागे : लाइन ब्लॉक कीं हाफटोन ब्लॉक? शाईच्या रेघांनीं काढलेलें चित्र असेल तर लाइन, छायाचित्र असेल तर हाफटोन. हा भेद नुसता दराचा नव्हता. छापण्याची काळी शाई कागदास लागते किंवा लागत नाहीं. करडा रंग तिच्यापाशीं नसतो. गालावरून हनुवटीकडे उतरत जाणारी मऊ सावली अशा हेकट शाईकडून कशी वदवावयाची, ह्या प्रश्नानें कोरीव काम करणाऱ्या कारागिरांच्या कित्येक पिढ्यांना छळलें. आज संगणकावर एखाद्या संस्थेचें बोधचिन्ह रेखाटणाऱ्या कलावंतापुढेंही तोच प्रश्न येतो. फक्त लाइन आणि हाफटोन यांच्या जागीं व्हेक्टर आणि रास्टर हे शब्द आले आहेत.

ह्या प्रश्नाचें अत्यंत धाडसी उत्तर १६४९ सालीं क्लोद मेलाँ ह्या फ्रेंच कलावंतानें दिलें. तांब्याच्या पत्र्यावर त्यानें ख्रिस्ताचा चेहरा कोरला, तो एकाच रेषेनें. नाकाच्या शेंड्यापासून निघालेली ही रेषा चक्राकार फिरत फिरत बाहेर जाते आणि मध्यें कोठेंही तुटत नाहीं. डोळे, दाढी, काट्यांचा मुकुट, सारें तिच्या जाडीच्या चढउतारानें उमटलें आहे. सावली असेल तेथें ती फुगते, उजेड असेल तेथें केसाएवढी बारीक होते. चित्र जवळ धरावें तर नुसते वेढे दिसतात. हातभर दूर नेलें कीं चेहरा पाहूं लागतो.

पण त्यासाठीं मेलाँचा हात हवा. छायाचित्रणाचा शोध लागल्यावर हेंच काम यंत्राकडून करवून घेण्याची खटपट सुरू झाली. विल्यम हेन्री फॉक्स टॉल्बट यानें १८५२ च्या आपल्या पेटंटांत जाळीदार कापडाच्या योगानें चित्राचे तुकडे पाडण्याची युक्ति नोंदविली. न्यूयॉर्कच्या 'डेली ग्राफिक' पत्रानें ४ मार्च १८८० रोजीं झोपड्यांच्या वस्तीचें छायाचित्र हाफटोन पद्धतीनें छापलें आणि १८८२ सालीं म्यूनिकच्या गेओर्ग माइझेनबाख यानें आपल्या पद्धतीचें पेटंट घेतलें. जाळीमुळें चित्र लहानमोठ्या ठिपक्यांत फुटतें. ठिपके निरनिराळे दिसेनासे झाले कीं डोळ्यास करडा रंग भासूं लागतो. कलकत्त्यास उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनीं ह्या जाळीचा सखोल अभ्यास केला व त्यांचे लेख इंग्लंडच्या 'पेनरोज' वार्षिकांत प्रसिद्ध झाले. १८९४ सालीं मुंबईंत निघालेल्या रविवर्म्याच्या छापखान्यांत मात्र दगडावर हातानेंच ठिपके देऊन देवदेवतांच्या गालांवर लाली चढविली जाई.

संगणकानें हे दोन्ही वंश पुढें चालविले. १९६३ सालीं आयव्हन सदरलंड यानें एम्. आय्. टी. मध्यें प्रकाशलेखणीनें पडद्यावर रेषा काढून दाखविल्या. त्याच सुमारास फ्रान्समध्यें रेनो कारखान्यांतील प्येर बेझिए आणि सित्रोएनमधील पोल द कास्तेलज्यो हे मोटारींच्या वळणदार अंगासाठीं वक्ररेषेचें गणित बसवीत होते. तेंच गणित १९८४ च्या पोस्टस्क्रिप्टमध्यें व १९८७ च्या इलस्ट्रेटरमध्यें उतरलें. अशी रेषा कितीही मोठी केली तरी तिची कड तुटत नाहीं. उलट १९९० सालीं बाजारांत आलेलें फोटोशॉप हें ठिपक्यांच्या वंशांतलें. त्यांतली सावली लोण्यासारखी मऊ. पण रस्त्यावरच्या फलकाएवढी ताणली कीं तिचे चौकोन उघडे पडतात.

खरा पेंच येथेंच आहे. व्हेक्टर सॉफ्टवेअरमध्यें मऊ सावली एका बटणासरशी मिळते, परंतु आंतून ती बहुधा ठिपक्यांचेंच चित्र असते. बोधचिन्ह पावतीवर, रबरी शिक्क्यावर, कापडावरच्या भरतकामांत, पत्र्यावरच्या एकरंगी छपाईंत जावयाचें असतें, आणि अशा ठिकाणीं उसनी सावली चिखलासारखी पसरते.

अमेरिकेंतील ए. टी. अँड टी. ह्या टेलिफोन कंपनीवर असाच प्रसंग आला होता. १ जानेवारी १९८४ पासून तिचे तुकडे होणार होते आणि घंटेचें प्रसिद्ध चिन्ह तिच्या हातून जाणार होतें. तें घंटाचिन्ह १९६९ सालीं सॉल बास यानेंच नव्यानें रेखाटलें होतें; १९८३ सालीं नवें चिन्हही त्याच्याकडूनच आलें. पृथ्वीचा गोल, पण भूखंड नाहींत, नकाशा नाहीं. वर्तुळांत एकाखालीं एक आडव्या रेषा. एका जागीं त्या रेषा निमुळत्या होतात आणि तेथें गोलावर उजेड पडल्याचा भास होतो. करडा रंग कोठेंच नाहीं. एक निळी शाई आणि कागदाचा पांढरेपणा, एवढ्यावर सारा गोलपणा उभा आहे. थट्टेखोरांनीं त्यास 'स्टार वॉर्स' चित्रपटांतील डेथ स्टारचें नांव दिलें, तें कंपनीस रुचलें नसावें. पण चिन्ह ध्यानांत राहिलें याची ती पावतीच. २००५ सालीं कंपनीची मालकी पालटली आणि गोलास कांचेची पारदर्शक झिलई व छटा चढविण्यांत आल्या. दहा वर्षांनीं त्या पुन्हां उतरविल्या गेल्या व सपाट पट्टे परत आले.

बासची युक्ति आज पडद्यावर दोन तऱ्हांनीं साधतात. एक जाड व एक बारीक अशा दोन रेषा काढून मधल्या पायऱ्या सॉफ्टवेअरकडून भरून घेतात. किंवा २०१० सालीं इलस्ट्रेटरमध्यें आलेल्या साधनानें रेषेच्या कोणत्याही बिंदूपाशीं तिची जाडी ओढून कमीजास्त करतात. हें दुसरें साधन मेलाँच्या हातीं असतें तर! ठिपकेही असेच मांडतां येतात : प्रत्येक ठिपका खरें वर्तुळ, ओळीगणिक थोडें लहान. येथें संगणक साऱ्या पायऱ्या बिनबोभाट भरून देतो, म्हणूनच कलावंतानें हात आवरावा लागतो. शंभर रेषांचा गोल पडद्यावर रेशमासारखा दिसतो. तोच नखाएवढा छापला कीं रेषांमधल्या फटी शाईनें बुजतात. जुन्या ब्लॉकवाल्यांस हें पाठ असे. वर्तमानपत्राच्या खरबरीत कागदास इंचाला ६५ ते ८५ ओळींची जाळी, गुळगुळीत आर्ट पेपरास १३३ किंवा १५० ओळींची. पॉल रँड यानें १९७२ सालीं आय. बी. एम. च्या अक्षरांवर आडवे पट्टे पाडले, तेव्हां त्यानेंही एकाच रूपावर भागविलें नाहीं. एक रूप आठ पट्ट्यांचें केलें आणि दुसरें तेरा पट्ट्यांचें.