चाकांवरचे बिऱ्हाड

अमेरिकेत आर. व्ही. नावाची एक गाडी फार लोकप्रिय आहे. रिक्रिएशनल व्हेइकल, म्हणजे आपल्या भाषेत करमणुकीचे वाहन. मोटारीला मागे जोडायची, नाहीतर मोटारीच्याच सांगाड्यावर बांधलेली ही एक खोली असते. तीत बिछाना असतो, शेगडी असते, पाण्याची टाकी असते, इतकेच काय, शौचकूपही असतो. सुटी लागली की कुटुंब तीत सामान भरून डोंगर-समुद्र पाहायला निघते. पण त्याच देशात हजारो माणसे अशी आहेत, की या गाडीखेरीज त्यांना दुसरे घर नाही. उन्हाळा असो, बर्फ असो, बारा महिने मुक्काम गाडीतच.

तेव्हा गाडीच्या नावावर जाऊ नका. चाकांवरची घरे जगात पूर्वीपासून आहेत. युरोपातल्या जिप्सींच्या रंगीत गाड्यांची चित्रे तुमच्यापैकी काहींनी पाहिली असतील. परंतु अमेरिकेपुरते बोलायचे, तर या गाडीचा एक थोर पूर्वज करमणुकीसाठी जन्माला आलेला नाही. तो जन्माला आला मेंढ्यांच्या मागे, ऐन हिवाळ्यात, एका उंच वाळवंटात.

उंच वाळवंट म्हणजे काय, ते आधी पाहू. वाळवंट म्हटले की आपल्यापुढे राजस्थान उभे राहते; वाळू, उंट आणि अंगाची लाही. शिक्षक मित्रांनी अमेरिकेच्या नकाशात वायोमिंग हे संस्थान शोधावे. त्याच्या दक्षिण भागात रेड डेझर्ट नावाचा मुलूख आहे. आपले कळसूबाईचे शिखर सुमारे ५,४०० फूट. या रेड डेझर्टची सपाट जमीनच त्याहून हजार-दीड हजार फूट उंच आहे. तिच्या एका मोठ्या भागातले पाणी ना पूर्वेच्या समुद्राला मिळते, ना पश्चिमेच्या; पडेल ते तिथेच मुरते, नाहीतर वाळून जाते. बहुतेक ठिकाणी पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला दहा इंचही भरत नाहीत. आपला माणदेश दुष्काळी खरा, पण त्याच्याही वाट्याला याच्या दुप्पट पाऊस येतो. झाडे जवळजवळ नाहीतच. सेजब्रश नावाचे करड्या पानांचे, उग्र वासाचे झुडूप मैलोगणती पसरलेले असते. हवा विरळ आणि कोरडी, त्यामुळे दिवसा ऊन चटका देते आणि सूर्य मावळला की जमीन भराभर निवते. हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस-वीस अंश सेल्सिअस उतरतो. वर वारा! आणि या उंचीवर पाणी त्र्याण्णव अंशांच्या आसपासच उकळू लागते, म्हणून वाटाणे-घेवडे शिजता शिजत नाहीत.

अशा ठिकाणी माणूस हिवाळा काढायला जाईल कशाला? त्याचे कारण मोठे गमतीचे आहे. १८६८ साली रेल्वे या मुलखातून गेली, रॉलिन्स हे गाव वसले, लोकर बाहेर धाडायची सोय झाली आणि मेंढ्यांचे मोठमोठे कळप आले. उन्हाळ्यात मेंढ्या डोंगरावर हिरव्या गवतावर चरत. वाळवंटात त्या वेळी चारा असला तरी प्यायला पाणी नसे. हिवाळ्यात मात्र तिथे बर्फ पडे. मेंढी बर्फ खाऊन तहान भागवते. म्हणजे ज्या ऋतूत माणसाला तिथे राहणे सर्वांत कठीण, नेमका तोच ऋतू मेंढीच्या सोयीचा! तंबू वाऱ्याने उडे, पक्के घर बांधावे तर चारा आठवड्याभरात संपे. घर हवे, पण ते चालते हवे.

१८८४ साली रॉलिन्समधल्या जेम्स कँडलिश नावाच्या लोहाराने अशी गाडी बांधली, असे मानतात. पहिली गाडी आपल्याच गावची, असे सांगणारे इतरही आहेत. अशा कामाचा मान एकालाच द्यावा, असे मला वाटत नाही. मेंढपाळाच्या अडचणी ऐकून एकेका लोहार-सुताराने तिच्यात भर घातली असणार. पण ती गाडी पाहण्यासारखी आहे खरी.

लांबी दहा-अकरा फूट, रुंदी साडेसहा फुटांच्या आसपास. लाकडी कमानींवर कॅनव्हासचे जाड कापड ताणलेले, त्याच्या थरांमध्ये थंडी अडवायला घोंगड्या. दार पुढच्या बाजूला, तेही आडवे दोन भागांत कापलेले: खालचे फळकूट लावून वरचे उघडे ठेवले, की आत उभे राहून घोड्यांचे लगाम धरता येत. दाराशीच उजव्या हाताला लोखंडी चूल, तिचे धुराडे छपरातून वर गेलेले. मागच्या भिंतीला आडवा पलंग आणि त्याच्यावर एक छोटी खिडकी. पलंगाखालून फळी ओढली की जेवायचे मेज तयार. दोन्ही बाजूंच्या बाकांखाली पीठ, घेवडा, खारवलेले मांस, काडतुसे. दारातून न हलता चुलीवरचे भांडे ढवळता येई आणि खिडकीतून कळपावर नजर राही. सत्तर चौरस फुटांत सगळा संसार! जागेचा असा हिशेब पुढे शंभर वर्षे आर. व्ही. बांधणाऱ्यांनी गिरवला.

संसार म्हटले खरे, पण तिथेच मेख आहे. आपला धनगर दिवाळीच्या सुमारास कोकणात उतरतो, तेव्हा त्याचे बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर असते आणि बायको, पोरे, कोकरे, कोंबड्या सगळा वाडा बरोबर चालत असतो. वायोमिंगचा मेंढका बहुधा एकटा. दोन-अडीच हजार मेंढ्या, एक घोडा, एक-दोन कुत्री. आठवड्या-दोन आठवड्यांनी मालकाचा माणूस शिधा घेऊन येई आणि गाडी नव्या चाऱ्यावर नेऊन लावी. मधल्या काळात बोलायला कोणी नाही. या कामावर स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरचे बास्क लोक पुष्कळ होते, मेक्सिकोचे होते. मेंढक्यांनी टेकड्यांवर दगडांवर दगड रचून उभे केलेले मनोरे अजून दिसतात. नेवाडा आणि कॅलिफोर्निया या संस्थानांतल्या डोंगरांत बास्क मेंढक्यांनी ॲस्पेन झाडांच्या पांढऱ्या सालीवर आपली नावे, गावे, वर्षे कोरून ठेवली आहेत. अभ्यासक आता ती उतरवून घेतात. ज्यांचा इतिहास कोणी लिहिला नाही, त्यांनी तो असा झाडावर लिहिला. झाड मेले की पान गेले.

आणि गाडी त्याची नसे, बरं का. गाडी मालकाची, मेंढ्या मालकाच्या. जमीन मात्र मालकाचीही नव्हती. ती सरकारी मोकळे रान होती. जो आधी पोचेल त्याचे गवत. गुरे पाळणारे म्हणत, आम्ही आधी आलो. ते मनानेच एक रेघ आखत आणि मेंढ्यांनी ती ओलांडायची नाही, असा दम देत. रेड डेझर्टच्या उत्तरेला बिगहॉर्न खोरे आहे, तेही असेच कोरडे. तिथे टेन स्लीप गावाजवळ २ एप्रिल १९०९ च्या रात्री गुरेवाल्यांच्या टोळीने एका मेंढीतळावर हल्ला केला. जो ॲलेमांड, जो एम्ग आणि ज्यूल्स लाझिए हे तिघे मारले गेले. मेंढ्या मारल्या, कुत्री मारली आणि गाड्यांना आग लावली. कापडाचे घर ते, जळायला किती वेळ लागणार? त्या घराची सारी सुरक्षितता थंडीपुरतीच होती. पण या वेळी कायदा हलला. सात जण पकडले गेले, दोघे माफीचे साक्षीदार झाले आणि पाच जणांना तुरुंगवास घडला. अशा हल्ल्यांना तेव्हापासून आळा बसला. मोकळ्या रानाचा प्रश्न मात्र १९३४ साली सुटला. त्या वर्षीच्या टेलर चराई कायद्याने कुणाची जनावरे कुठे, किती दिवस चरतील हे परवान्याने ठरू लागले. १९४६ साली या जमिनींसाठी ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट हे स्वतंत्र खाते निघाले. हे खाते लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

आता मेंढक्याच्या गाडीपासून मोटारीच्या घरापर्यंतचा धागा पाहा. ओरेगन संस्थानाच्या कोरड्या पूर्व भागात बेकर सिटी येथे १८९६ साली वॉली बायम जन्मला. पोरवयात त्याने मेंढ्या राखल्या. तेव्हा तो एका लहान गाडीत राही आणि तीत रॉकेलचा स्टोव्ह, पाणी व अंथरूण असे, असे त्याच्या चरित्रात सांगतात. याच बायमने १९३१ साली एअरस्ट्रीम कंपनी काढली आणि १९३६ साली विमानासारखी ॲल्युमिनियमची, रिव्हेट मारलेली क्लिपर नावाची गाडी बाजारात आणली. किंमत १,२०० डॉलर. मंदीच्या त्या दिवसांत ती चैनच होती. मंदीने घर गमावलेले लोक मात्र साध्या ट्रेलरांत राहत होते, आणि दुसऱ्या महायुद्धात तर सरकारनेच कामगारांसाठी ट्रेलरांच्या वसाहती उठवल्या. अणुबाँबसाठी प्लुटोनियम तयार करणाऱ्या हॅनफर्डच्या कोरड्या माळावर हजारो ट्रेलर उभे होते.

आजचा आर. व्ही.वाला त्या मेंढक्याहून सुखी आहे का? काही बाबतींत नक्कीच. छपरावर सौर तावदाने असतात, आणि उंचावरची निरभ्र, थंड हवा त्यांना मानवते. पण त्याची गाडी नळांची आहे. रात्री पाणी गोठले की नळी फुटते. सांडपाण्याची टाकीही गोठते. मेंढक्याकडे नळच नव्हता, तो बर्फ वितळवून चहा करी. गॅसचे म्हणाल, तर आपल्या घरच्या सिलिंडरात प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असते. ब्युटेनची शून्य अंशाच्या खाली वाफच होत नाही, म्हणून तिकडे निव्वळ प्रोपेन वापरतात. तो उणे बेचाळीस अंशांपर्यंत साथ देतो. हा गॅस जळताना पाणी तयार होते: एक किलो गॅसमागे दीड किलोहून अधिक. शेगडी उघडी जाळली, की ते पाणी वाफ होऊन खोलीत राहते, थंड भिंतींवर दव धरते, अंथरुणे ओलसर होतात. खिडक्या गच्च लावून घेतल्या तर विषारी वायूने जिवावर बेतते. या एका बाबतीत कँडलिशची चूल शहाणी होती. तिचे धुराडे धूर आणि ओल दोन्ही बाहेर नेई.

म्हणून ज्यांना जमते ते उंच वाळवंटात फक्त उन्हाळा काढतात आणि थंडी पडली, की खाली उतरतात. ॲरिझोनातले क्वार्ट्झसाइट हे गाव समुद्रसपाटीपासून हजार फुटांच्याही आत आहे. हिवाळ्यात त्याच्याभोवती गाड्यांची जत्रा भरते. मेंढक्याचा क्रम अगदी उलटा होता; कारण तो स्वतःच्या सोयीने हलत नव्हता.

पण आजचे सगळे तरी सोयीने हलतात काय? नेवाडाच्या उंच वाळवंटात एम्पायर नावाचे गाव होते. गाव कसले, जिप्समच्या कारखान्याची वसाहतच. २००८ च्या मंदीत घरबांधणी थांबली, जिप्समचे पत्रे खपेनात, आणि २०११ साली कारखाना बंद झाला. घरे कंपनीची, म्हणून गावच रिकामे झाले. टपालखात्याने गावाचा क्रमांकसुद्धा काढून टाकला. त्या काळात घर गमावून गाडीत राहू लागलेल्या म्हाताऱ्या माणसांवर जेसिका ब्रुडर या लेखिकेने २०१७ साली 'नोमॅडलँड' हे पुस्तक लिहिले. त्यावरच्या २०२० च्या चित्रपटाला ऑस्कर मिळाले. पुस्तकातली माणसे गोदामांत पाळ्या करतात, साखरेच्या बीटच्या काढणीला जातात आणि हंगाम संपला की गाडी हाकतात. ऊसतोडीच्या गाड्या पाहिलेल्या आपल्या लोकांना यात नवे काही वाटणार नाही. फक्त ही माणसे साठी-सत्तरीची असतात, एवढाच फरक.

हंगाम नसेल तेव्हा मुक्काम कुठे? पुष्कळदा त्याच ब्यूरोच्या जमिनीवर. तिथे भाडे नाही, पण साधारणपणे चौदा दिवस झाले की तळ हलवावा लागतो. पूर्वी गवत संपले की गाडी हले, आता तारीख संपली की हलते.

आणि मेंढ्या? त्या अजून आहेत, मेंढकेही आहेत. आता ते बहुतेक पेरू देशातून येतात. त्यांचा परवाना एकाच मालकाशी बांधलेला असतो. चोवीस तास आणि आठवड्याचे सातही दिवस त्यांनी हाकेला हजर असायचे. बहुतेक संस्थानांत त्यांचा पगार अनेक वर्षे महिना ७५० डॉलरांच्या आसपास अडकून पडला होता. खटले झाले, तक्रारी झाल्या, तेव्हा कुठे २०१५ साली केंद्र सरकारने नियम बदलून तो टप्प्याटप्प्याने वाढवला. राहायला अजूनही गाडीच मिळते. तिला रबरी टायर आले, कापडाच्या जागी पत्रा आला, ओढायला घोड्याऐवजी मोटार आली. पण चूल दाराशीच आहे आणि पलंग मागच्या भिंतीला आडवा.