एक्सपॅट : एका पार्सरच्या आवृत्त्यांचा इतिहास

वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने १० फेब्रुवारी १९९८ रोजी एक्सएमएल या लेखनपद्धतीला प्रमाण म्हणून मान्यता दिली, आणि त्याच वर्षी ते प्रमाण घडवणाऱ्या कार्यगटाचे तांत्रिक प्रमुख जेम्स क्लार्क यांनी सी भाषेत लिहिलेल्या 'एक्सपॅट' या लायब्ररीची पहिली आवृत्ती खुली केली. एक्सएमएलमध्ये मजकुराचा प्रत्येक भाग टॅग नावाच्या खुणांमध्ये बसवलेला असतो. तो वाचून त्याची रचना उलगडणाऱ्या आज्ञावलीला पार्सर म्हणतात, आणि इतर आज्ञावलींना जोडून वापरता येईल अशा तयार संचाला लायब्ररी. एक्सपॅट संपूर्ण दस्तऐवज स्मृतीत साठवत नाही. ती मजकूर तुकड्यातुकड्यांनी घेते आणि टॅग सुरू झाला, मजकूर आला, टॅग संपला अशी वर्दी तिला वापरणाऱ्या आज्ञावलीला देत जाते. फायरफॉक्स आणि पायथन यांनी तिचा आधार घेतला आहे. लिनक्सवर मराठी मजकूर कोणत्या फॉन्टमध्ये दिसावा हे ठरवणाऱ्या फॉन्टकॉन्फिगच्या सूचनाही सामान्यतः तीच वाचते.

क्लार्क यांनी १.१ आणि १.२ या आवृत्त्या काढल्यानंतर २००० साली हे काम क्लार्क कूपर आणि फ्रेड ड्रेक यांच्या नेतृत्वाखालील गटाकडे सोपवले. त्या गटाने सप्टेंबर २००० मध्ये १.९५.० आणि जानेवारी २००६ मध्ये २.०.० ही आवृत्ती प्रसिद्ध केली. नवी आवृत्ती तयार करताना वापरकर्त्यांना दिसणाऱ्या क्रमांकाबरोबर आणखी एक, कमी परिचित क्रमांक ठरवावा लागतो, आणि तो तीन अंकांचा असतो. केवळ अंतर्गत दुरुस्ती झाली असेल तर मधला अंक एकाने वाढतो. जुनी फंक्शने तशीच ठेवून नवी भर घातली असेल तर पहिला व तिसरा हे दोन्ही वाढतात आणि मधला शून्यावर येतो. पहिल्यातून तिसरा वजा केल्यावर उरणारी संख्या लिनक्सवर लायब्ररीच्या नावात उमटते, आणि एक्सपॅटच्या २.० पासूनच्या साऱ्या मालिकेत ती १ राहिली आहे. जुन्या आज्ञावली पुन्हा न बांधता नव्या आवृत्तीवर चालाव्यात, हे वचन त्या एका अंकाने पाळले आहे.

हा प्रवास अखंड वेगाचा मात्र नव्हता. जून २००७ मधील २.०.१ नंतर २.१.० येण्यास मार्च २०१२ उजाडले, आणि २.१.१ साठी आणखी चार वर्षे गेली. २०१६ नंतर सेबास्टियन पिपिंग यांच्या पुढाकाराने आवृत्त्या पुन्हा नियमित निघू लागल्या. याच काळात फझिंग, म्हणजे पार्सरला यंत्राने तयार केलेला विस्कळीत मजकूर सतत पुरवून दोष हुडकण्याची पद्धत, एक्सपॅटच्या देखभालीचा भाग झाली. एका व्याख्येत दुसरीचा दहा वेळा उल्लेख, दुसरीत तिसरीचा दहा वेळा, अशी उतरंड रचली की एक किलोबाइटहूनही लहान दस्तऐवज उलगडताना अब्जावधी अक्षरांचा होतो. या जुन्या हल्ल्यापासूनचे अंगभूत संरक्षण मे २०२१ मधील २.४.० या आवृत्तीत आले.

आवृत्ती काढण्याच्या कामाची खरी कसोटी २०२२ च्या आरंभी लागली. देवनागरीतील 'म' हे अक्षर यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत तीन बाइट व्यापते, आणि आलेला तुकडा पहिल्या बाइटवरच संपला तर उरलेले दोन येईपर्यंत पार्सरला थांबावे लागते; शिवाय ते तीन बाइट मिळून वैध अक्षर होते की नाही, हेही त्यालाच पाहावे लागते. टॅगच्या नावांतील दोन व तीन बाइटांच्या अक्षरांबाबत ही तपासणी अपुरी होती, आणि तो दोष इतर चार सुरक्षादोषांसह १८ फेब्रुवारीच्या २.४.५ मध्ये दूर झाला. तथापि त्यांपैकी एका दुरुस्तीमुळे एकात एक गुंफलेल्या घटक-व्याख्या वाचण्यात नवा दोष शिरला, म्हणून दोनच दिवसांनी २.४.६ काढावी लागली. दुसरी एक दुरुस्ती गरजेपेक्षा कडक ठरल्याने ती ४ मार्चच्या २.४.७ मध्ये सैल करण्यात आली. सुरक्षेची निकड आणि जुन्या वापरकर्त्यांना दिलेले वचन यांचा मेळ घालणे किती अवघड असते, हे या तीन आवृत्त्यांतून स्पष्ट होते.

प्रत्येक आवृत्तीबरोबर बदलांची नोंदवही अद्ययावत होते. तीत सुरक्षादुरुस्त्या, इतर दुरुस्त्या आणि साहाय्य करणाऱ्यांची नावे वेगवेगळी मांडलेली असतात, आणि प्रसिद्ध होणाऱ्या संचांसोबत ते अस्सल असल्याची खात्री देणारी अंकीय स्वाक्षरीही दिली जाते. अलीकडच्या वर्षांत याच नोंदवहीच्या आरंभी मनुष्यबळ अपुरे आहे आणि निधी नाही, असे ठळकपणे नमूद केलेले आढळते. जगभरच्या संगणकांचा भार वाहणारी लायब्ररी मोजक्या लोकांच्या चिकाटीवर सोडणे न्याय्य नाही. तिच्यावर आपली उत्पादने उभारणाऱ्या कंपन्यांनी निधी द्यावा, आणि सी भाषेवर प्रभुत्व असलेल्या अभियंत्यांनी, त्यांत मराठी अभियंत्यांनीही, या कामाला हातभार लावावा.