प्रीती, कर्तव्य आणि लोकरीत

न्यूयॉर्क शहरातील चौदाव्या रस्त्यावर १८५४ साली ‘अकॅडमी ऑफ म्युझिक’ नावाचे संगीतगृह उघडले. तेथील खासगी सज्जे मोजके होते आणि ते जुन्या डच व इंग्रज घराण्यांनी वतनासारखे सांभाळले होते. रेल्वे आणि शेअरबाजार यांच्या जोरावर नव्याने धनवान झालेल्या मंडळींना पैसा ओतूनही तेथे जागा मिळेना. तेव्हा त्यांनी १८८३ साली ‘मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाऊस’ हे स्वतःचे भव्य नाट्यगृह उभारले. अवघ्या तीन वर्षांत, १८८६ साली, जुन्या संगीतगृहातील ऑपेराचे हंगाम बंद पडले. ज्या सज्जांवरून माणसांचे कुलशील ठरत असे, ते एकाएकी निरर्थक झाले.

या लहानशा घटनेत एका समाजाचा अस्त दडलेला आहे. १८६२ साली न्यूयॉर्कमध्ये अशाच एका जुन्या घराण्यात जन्मलेल्या एडिथ व्हॉर्टन यांनी तो समाज आतून पाहिला होता. पहिले महायुद्ध संपल्यावर फ्रान्समध्ये राहून त्यांनी ‘द एज ऑफ इनोसन्स’, म्हणजे ‘निष्पापतेचे युग’, ही कादंबरी लिहिली. ती १९२० साली प्रसिद्ध झाली. तिचा आरंभ १८७० नंतरच्या दशकातील त्याच जुन्या संगीतगृहात होतो. प्रीती, कर्तव्य आणि लोकरीत यांचा झगडा अमेरिकन कादंबरीत पूर्वीही रंगविला गेला होता. परंतु लोकरीत आपला अंमल प्रत्यक्ष कसा बजावते, याचे इतके बारीक निरीक्षण क्वचितच झाले असेल.

हॉथॉर्नच्या ‘द स्कार्लेट लेटर’ या १८५० सालच्या कादंबरीत सतराव्या शतकातील बोस्टन शहर आहे. तेथे व्यभिचारी ठरविलेल्या हेस्टर प्रिन हिला भर चौकात उभे केले जाते आणि तिच्या छातीवर कलंकाचे अक्षर कायमचे चिकटविले जाते. न्यायाधीश, धर्मोपदेशक आणि जमाव हे तिघेही तेथे उघड आहेत. शिक्षा उघड असल्यामुळे तिला तोंड देण्याचे धैर्यही उघडपणे प्रकट होऊ शकते. व्हॉर्टनबाईंच्या न्यूयॉर्कात चौक नाही, चबुतरा नाही आणि कोणी न्यायाधीशही नाही. तेथे आहेत मामा, मावश्या, आजी आणि जेवणाची आमंत्रणे.

काउंटेस एलन ओलेन्स्का ही आपल्या दुराचारी पोलिश नवऱ्याला सोडून न्यूयॉर्कला माहेरी परत येते. तिच्या सन्मानार्थ नातलगांनी मेजवानी ठरविताच प्रतिष्ठित घरांतून नकाराच्या चिठ्ठ्या येतात. त्यांत अपशब्द नाही, कारणही नाही. जवळजवळ एकाच साच्यातील सभ्य दिलगिरी तेवढी आहे. एलनला घटस्फोट हवा असतो. तिची समजूत घालून तो विचार सोडावयास लावण्याचे काम न्यूलंड आर्चर या तरुण वकिलावर येते. एलनची आतेबहीण मे वेलंड हिच्याशी त्याचा वाङ्निश्चय झालेला असतो.

या समजुतीमागे त्या काळाचा कायदाही उभा होता. १७८७ सालापासून न्यूयॉर्क राज्यात पूर्ण घटस्फोटास व्यभिचार हे एकच कारण मान्य होते. त्यामुळे घटस्फोट मागणे म्हणजे अत्यंत खासगी आरोप कोर्टात आणि तेथून वर्तमानपत्रांत नेणे होय. १८७५ साली ब्रुकलिनमध्ये हेन्री वॉर्ड बीचर या विख्यात धर्मोपदेशकावर परस्त्रीसंबंधाच्या आरोपावरून खटला चालला. तो महिनोन्‌महिने वर्तमानपत्रांचे रकाने भरीत राहिला, आणि शेवटी ज्यूरीचे एकमत झालेच नाही. अशा वातावरणात एलनचा पती उलट तिच्यावरच आरोप करण्याची धमकी देतो. दावा जिंकला तरी लौकिक जाणार, हे न्यूलंड तिला सांगतो. ती त्याचे ऐकते. पुढे जेव्हा न्यूलंड तिच्या प्रेमात पडतो, तेव्हा त्याला कळून येते की तिच्या सुटकेचा मार्ग आपल्याच हातांनी बंद झाला आहे. लोकरीतीचा वकील तोच, आणि तिचा पहिला बळीही तोच.

मात्र या समाजाची नीती सर्वांना सारखी लागू नव्हती. ज्युलियस बोफोर्ट हा सावकार उघडपणे बाहेरख्याली आहे. तरी त्याच्या घरच्या नृत्यसमारंभाला सारे शहर लोटते. त्याची पेढी बुडून लोकांच्या ठेवी जातात, तेव्हा मात्र सर्वांची दारे त्याला एका दिवसात बंद होतात. एलन नवऱ्याकडे परत जाण्याचे नाकारते, तेव्हा तिची नेमणूक कमी करून तिला वठणीवर आणण्याचा प्रयत्न कुटुंबीय करतात. लोकरीतीच्या सोवळ्याखाली पैशाचा व्यवहार किती खोल रुजला होता, हे यावरून दिसून येते.

लग्नानंतरही न्यूलंडचे मन एलनकडेच ओढ घेते. अखेरीस ती युरोपला जावयास निघते, आणि मे तिच्यासाठी निरोपाची मेजवानी देते. टेबलावर फुले आहेत, बोलणे मधुर आहे, पाहुणे अत्यंत प्रेमळ आहेत. त्या गोडव्यातच न्यूलंडला उमगते की आपण एलनचे प्रियकर आहोत असे या सर्वांनी केव्हाच ठरविले आहे आणि तिला आपल्यापासून दूर करण्यासाठी ही टोळी एकवटली आहे. त्याच रात्री मे आपण गरोदर असल्याचे त्याला सांगते. आणि पुरती खात्री नसतानाच हे आपण पंधरा दिवसांपूर्वी एलनला सांगितले होते, असेही तिच्या बोलण्यातून बाहेर पडते. जिला तो अजाण समजत होता, तिने एकही कठोर शब्द न उच्चारता आपला संसार राखला होता.

कादंबरी येथेच संपली असती, तर तिचा अर्थ सोपा झाला असता: रूढी क्रूर, प्रीती निष्पाप. परंतु व्हॉर्टनबाई कथा सव्वीस वर्षे पुढे नेतात. मे आता हयात नाही. न्यूलंडने तिच्याशी निष्ठेने संसार केला, मुले वाढविली, सार्वजनिक कामांत नाव मिळविले. त्याचा थोरला मुलगा त्याच बदनाम बोफोर्टच्या मुलीशी लग्न करणार आहे, आणि त्याबद्दल कोणी भुवईही उंचावीत नाही. ज्या नियमासाठी दोन आयुष्ये खर्ची पडली, तो नियम कोणी मोडला नाही. तो नुसता विसरला गेला. न्यूयॉर्क राज्याच्या कायद्याने घटस्फोटाची कारणे वाढविली ती १९६६ साली. समाजाने त्याच्या किती तरी आधी आपली वाट बदलली होती.

मग तो त्याग व्यर्थच गेला काय? पॅरिसमध्ये मुलगा न्यूलंडला सांगतो की, आईला सारे ठाऊक होते, आणि आपल्यासाठी त्याने सर्वांत प्रिय वस्तू सोडली हेही ती जाणून होती. मेने ती गोष्ट त्याच्याकडे शब्दाने कधी मागितली नव्हती. आपल्या मनातले कोणीतरी ओळखले होते आणि ते ओळखणारी आपली पत्नी होती, या जाणिवेने न्यूलंडचे हृदय भरून येते. तो एलनच्या घराखालच्या बाकावर बसून राहतो, आणि वर न जाताच परत फिरतो.

व्हॉर्टनबाईंना हा प्रश्न परका नव्हता. १८८५ साली झालेला त्यांचा विवाह सुखाचा ठरला नाही. पतीला मानसिक आजार जडला, आणि त्याने त्यांच्या पैशाची अफरातफरही केली. तरी त्यांनी घटस्फोट घेतला तो १९१३ साली, पॅरिसमध्ये. ज्या दाराशी एलनला अडविले, त्या दारातून लेखिका स्वतः बाहेर पडली होती. म्हणूनच मागे राहिलेल्यांची कुचेष्टा तिने केली नाही, हे विशेष आहे. १९२१ साली या कादंबरीस पुलित्झर पारितोषिक मिळाले, आणि हा मान मिळविणारी ही पहिलीच कादंबरीकर्ती होय. परीक्षकांची शिफारस वस्तुतः सिंक्लेअर लुईसच्या ‘मेन स्ट्रीट’साठी होती; परंतु अमेरिकन जीवनाचे निकोप वातावरण व उच्च शिष्टाचार दाखविणाऱ्या कृतीस ते पारितोषिक द्यावयाचे असल्याने विश्वस्तांनी निर्णय फिरविला. शिष्टाचाराची अशी चिरफाड करणारी कादंबरी शिष्टाचाराचा आदर्श म्हणून गौरविली गेली, याची मौज लेखिकेलाही वाटल्यावाचून राहिली नाही.

लोकरीत आणि कर्तव्य ही दोन्ही एकाच वेषात वावरतात. त्या त्या काळी ती वेगळी ओळखता येत नाहीत. न्यूलंडने एलनला घटस्फोटापासून परावृत्त केले ते लोकरीतीखातर, आणि तिचे मोल पंचवीस वर्षांत नाहीसे झाले. मे आणि मुले यांना त्याने अंतर दिले नाही, ते मात्र त्यांच्या आयुष्यात खरोखर उपयोगी पडले. नाट्यगृहाचे सज्जे ओस पडल्यानंतरही ते शिल्लक राहिले.