पिकअपमागे ट्रॅव्हल ट्रेलर ओढताय? 'वेट डिस्ट्रिब्युशन हिच' निवडताना काय बघायचं?

अमेरिकेत सुट्टीच्या दिवसांत पिकअपमागे चाकांवरचं घर, म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलर, जोडून निघालेली कुटुंबं हायवेवर सर्रास दिसतात. तुम्ही किंवा तुमचे तिकडचे नातेवाईक असा बेत आखत असाल, तर गाडी आणि ट्रेलर यांना जोडणारी हिच नीट समजून घ्या.

बैलगाडीत पुढे जास्त माल भरला की बैलांच्या मानेवर भार येतो, मागे भरला की गाडी उलाळते. ट्रेलरचंही तसंच. त्याच्या पुढच्या टोकाचा हिचवर पडणारा भार म्हणजे 'टंग वेट'. तो ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण 10 ते 15 टक्के हवा. कमी असेल तर वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो.

पण हा सगळा भार पिकअपच्या मागच्या टोकावर पडतो. मागची बाजू दबते, पुढची उचलली जाते. मग स्टिअरिंग हलकं लागतं आणि पुढच्या चाकांची पकड कमी होते. वेट डिस्ट्रिब्युशन हिचमधले स्प्रिंग बार ताणले की यातला काही भार पुढच्या चाकांवर आणि काही ट्रेलरच्या चाकांवर जातो.

निवडताना खरी गफलत वजनाच्या आकड्यात होते. माहितीपत्रकातलं वजन रिकाम्या ट्रेलरचं असतं. पाणी, गॅस सिलिंडर, सामान धरून तो 6,000 पौंडांवर (सुमारे 2,700 किलो) गेला, तर टंग वेट 600 ते 900 पौंड होतं. पिकअपच्या मागच्या एक्सलच्याही मागे ठेवलेलं सामान यात मिळवा आणि त्या बेरजेला साजेसे बार घ्या. 'जड घेतले की बरं' हे इथे चालत नाही. गरजेपेक्षा कडक बारमुळे धक्के जास्त बसतात.

जोडण्याआधी आणि जोडल्यावर पुढच्या चाकावरच्या कमानीची जमिनीपासूनची उंची मोजा. बार ताणल्यावर ती किती खाली यावी, हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. मूळ उंचीपेक्षा खाली मात्र नको.

झोके रोखण्याची सोय सगळ्याच हिचमध्ये नसते, विकत घेताना विचारा. वेगळा घर्षण बार लावणार असाल, तर रिव्हर्स घेण्यापूर्वी तो काढावा लागतो.

आणि या हिचमुळे गाडीची पेलोड क्षमता एका पौंडानेही वाढत नाही. ती दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेली असते, आणि टंग वेट, हिच, माणसं, सामान सगळं त्यातच बसवायचं असतं.