डफरीनच्या पायरीवरचं लेकरू

सकाळी साडेसहाला राजापेठ बसस्थानकावर चहा घेत होतो. शेजारी नर्सिंगच्या गणवेशातली एक बाई, कडेवर दोन-अडीच वर्षांचं पोर. "शिकाची लय हौस आहे भाऊ, पण ड्युटी लागली का पोराले ठेवाव कुठी?" सासू गावाला, नवरा कंपनीत. माझ्याकडं उत्तर नव्हतं. घरी येऊन जुनी पुस्तकं काढली.

आपण ज्याला सहज 'डफरीन' म्हणतो, ते नाव लेडी डफरीनचं. बायकांना बायकांकडूनच उपचार मिळावेत म्हणून तिनं १८८५ मध्ये देशव्यापी निधी उभा केला. दवाखाने झाले, पण परिचारिका कुठून आणायच्या? परक्याचं अंग पुसणं, रात्रपाळी, पुरुषांचा वॉर्ड... घरंदाज म्हणवणारे लोक मुलींना पाठवायला तयार नव्हते.

ही कोंडी पुण्यात रमाबाई रानडेंनी फोडली. १९०१ मध्ये न्यायमूर्ती रानडे गेले. १९०९ मध्ये रमाबाई आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुणे सेवासदन उभं केलं. तिथल्या बायका, त्यात कितीतरी विधवा, ससून रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण घेऊ लागल्या. यात महत्त्वाचं काय? रमाबाईंनी नुसता वर्ग काढला नाही, राहायला वसतिगृहही दिलं. बाईला शिकवायचं तर आधी तिच्या घरचा प्रश्न सोडवावा लागतो, हे त्यांना कळलं होतं.

पार्वतीबाई आठवलेंचंही तेच. विशीत वैधव्य, पदरी लहान मुलगा. बहीण बाया आणि मेव्हणे धोंडो केशव कर्वे पाठीशी उभे राहिले म्हणून त्या शिकल्या. पुढे आश्रमाच्या निधीसाठी पार अमेरिकेपर्यंत गेल्या. हुशारी त्यांचीच होती, पण आधार मिळाला म्हणून ती दिसली.

आता आजचं बघा. २०१७ च्या दुरुस्तीनं नोकरदार आईला २६ आठवड्यांची रजा मिळाली, पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघर सक्तीचं झालं. पण नर्सिंगची विद्यार्थिनी कायद्यानं कर्मचारी नाही. वॉर्डात ती राबते, हक्क मात्र शून्य. अंगणवाडीची शाळा तीन वर्षांपुढच्या पोरांची, तीही काही तासांची. रात्रपाळीचं काय?

केंद्राची 'पाळणा' योजना सहा महिने ते सहा वर्षांच्या लेकरांसाठी आहे. मग जिथं विद्यार्थिनी ड्युटी करतात, त्या रुग्णालयाच्या आवारात एक खोली, दोन सेविका आणि ड्युटीच्या वेळा सांभाळणारं पाळणाघर का होऊ नये? पालकमंत्री, आमदार, महापालिका, कुणीही पुढं या. श्रेय तुम्हीच घ्या.

शंभर वर्षांपूर्वी पुण्याला जमलं ते अमरावतीला आज का जमू नये? तुमच्या ओळखीत अशी शिकणारी आई असेल तर तिची अडचण खाली लिहा, नाव नको. मी पाठपुरावा करतो.