असेंबल्ड गिटार

'असेंबल्ड' हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांना कॉम्प्युटरमुळे कळला. लॅमिंग्टन रोडवरून कॅबिनेट, मदरबोर्ड, रॅम असं सुटं सुटं आणायचं आणि घरी येऊन जोडायचं. ब्रँडेड पीसीवाली मंडळी जरा दयेनेच बघायची. पण मशीनच्या आत काय आहे हे असेंबल्डवाल्याला पाठ असायचं!

हाच शब्द गिटारला लावला की लोक नाक मुरडतात. घरी, मिळतील त्या भागांतून जोडलेली इलेक्ट्रिक गिटार म्हणजे पैसे नव्हते म्हणून केलेली तडजोड, असा एक समज आहे. गंमत म्हणजे इलेक्ट्रिक गिटार हे वाद्य जन्मालाच असेंबल्ड आलं. आणि आपल्या महाराष्ट्रातही या प्रकाराची जुनी परंपरा आहे, फक्त तिला आपण 'गिटार' म्हणत नाही.

सुरुवात लॉस एंजेलिसपासून करू. १९३१ च्या सुमारास जॉर्ज बोशॅम नावाचा गिटारवादक एका साध्या अडचणीत होता. बँडमधल्या ट्रम्पेट आणि ड्रमच्या गोंगाटात त्याची गिटार ऐकूच यायची नाही. त्याने लोहचुंबक घेतलं, त्याच्याजवळ तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी बसवली आणि वर पोलादी तारा ताणल्या. तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि गुंडाळीत वीज तयार होते. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेलं तत्त्व, म्हणजे बरोबर शंभर वर्षं जुनं! ती गुंडाळी करायला त्याने घरातल्या वॉशिंग मशीनची मोटर वापरली म्हणतात. पहिला नमुना लाकडाचा होता. त्यावरून घडवलेली अॅल्युमिनियमची गिटार १९३२ मध्ये बाजारात आली. ती दिसायची तव्यासारखी, म्हणून तिचं नाव पडलं 'फ्राइंग पॅन'.

पुढची पायरी लेस पॉलची. १९४०-४१ मध्ये न्यूयॉर्कच्या एपिफोन कारखान्यात सुट्टीच्या दिवशी जाऊन त्याने चार इंच बाय चार इंचाच्या लाकडी ओंडक्यावर तारा आणि पिकअप बसवले. वाद्य म्हणून ते पूर्ण होतं, पण लोकांना ती गिटार वाटेना. मग त्याने एक साधी गिटार मधून कापली आणि तिचे दोन अर्धे त्या ओंडक्याच्या दोन्ही बाजूंना चिकटवले. आवाजाशी त्यांचा काही संबंध नव्हता, ते निव्वळ दिखाऊ होते! गिब्सन कंपनीने तेव्हा त्याला वाटेला लावलं. पुढे १९५२ मध्ये त्याच कंपनीने त्याच्या नावाची गिटार काढली, ती आजही विकली जाते.

आपल्या लोकांना सगळ्यात जवळचा वाटावा असा माणूस म्हणजे लिओ फेंडर. हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा रेडिओ दुरुस्तीवाला. याला गिटार वाजवता येत नव्हती. पण रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला एक गोष्ट बरोबर कळते: जे उघडता येत नाही ते दुरुस्त करता येत नाही. तेव्हा चांगल्या गिटारची मान, म्हणजे नेक, बॉडीला सरसाने कायमची चिकटवत. फेंडरने १९५० मध्ये बाजारात आणलेल्या गिटारची नेक चार स्क्रूंनी बसवली. नेक वाकली? स्क्रू काढा, दुसरी लावा. आपल्या भाषेत सांगायचं तर त्याने इंटरफेस ठरवून दिला. आत काय बदलायचं ते बदला, खाच आणि भोकं जुळली म्हणजे झालं. पुढे सुटी नेक, सुटी बॉडी, सुटे पिकअप यांचा अख्खा बाजार उभा राहिला त्याचं मूळ या चार स्क्रूंमध्ये आहे. एडी व्हॅन हेलनने सत्तरच्या दशकात अशीच डागी बॉडी आणि सुटी नेक घेतली, गिब्सनचा पिकअप मेणात बुडवून त्यात बसवला आणि १९७८ च्या पहिल्याच अल्बममध्ये तीच गिटार वाजवून भल्याभल्यांची झोप उडवली.

आता लंडन. ऑगस्ट १९६३. ब्रायन मे वय वर्षं सोळा. दुकानातली फेंडर परवडत नव्हती. वडील इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनियर. बापलेकांनी मिळून घरीच गिटार करायला घेतली. नेक झाली जुन्या फायरप्लेसच्या महोगनीच्या फळीतून. बॉडीच्या आतलं ओकचं लाकूड एका जुन्या टेबलाचं. ट्रेमोलोच्या स्प्रिंगा मोटारसायकलच्या इंजिनातल्या व्हॉल्व्हच्या, दांड्याचं टोक आईच्या विणकामाच्या सुईचं, नेकवरचे ठिपके शिंपल्याच्या गुंड्यांचे. काम साधारण दोन वर्षं चाललं. पिकअपसुद्धा त्याने आधी घरीच केले होते, पण तार ताणून स्वर ओढला की नको ते आवाज यायचे. तेव्हा मात्र तो हट्टाला पेटला नाही, सरळ विकतचे बर्न्स कंपनीचे पिकअप आणून बसवले. ही 'रेड स्पेशल' क्वीन बँडच्या जवळजवळ सगळ्या रेकॉर्डवर वाजली आहे. आणि तिच्याबरोबर गाणारा फ्रेडी मर्क्युरी शाळा शिकला आपल्या पाचगणीला. त्याचा पहिला बँडही तिथलाच, १९५८ चा. म्हणजे या गोष्टीतला थोडा तरी सातारा जिल्हा आपला!

आता आपल्या घरी येऊ. मिरज. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथल्या शिकलगारांचं काम होतं हत्यारं घडवायचं, त्यांना धार लावायचं. इंग्रजांचा अंमल पक्का झाला, तलवारींची गिऱ्हाइकं संपली. फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांच्या भावाने हात वळवला तंतुवाद्यांकडे. पुढे त्या घराण्यांचं आडनावच सतारमेकर झालं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं.

सतार तरी काय, असेंबल्डच की! भोपळा पंढरपूर-मंगळवेढा भागातल्या शेतातला, लाकूड दुसरीकडचं, तारा तिसरीकडच्या. मग कारागिराचं त्यात काय? जवारी. घोडीचा माथा इतका अलगद घासायचा, की तार त्यावर टेकून झणझणली पाहिजे. ही गोष्ट बाजारात सुटी मिळत नाही. ती कानाने आणि हातानेच होते.

दुसरं उदाहरण याहून मजेशीर. १९१२ मध्ये जपानच्या नागोया शहरात 'ताइशोगोतो' नावाचं वाद्य निघालं. ताणलेल्या तारा आणि त्यांवर टाइपरायटरसारखी बटणं. ते हिंदुस्थानात येऊन 'बुलबुलतरंग' झालं. मुंबई-कोकणात त्याला पिकअप लागला, तो भोंग्यांना जोडला गेला आणि झाला 'बेंजो'. अमेरिकन बँजोशी त्याचं नाव सोडलं तर काही नातं नाही. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशाच्या वर ऐकू येणारा तो तारेचा कर्कश गोड सूर त्याचाच. अडचण तीच, बोशॅमची. गोंगाटात तार ऐकू आली पाहिजे. उत्तरही तेच. रवी जाधवांनी २०१६ मध्ये यावर 'बँजो' सिनेमा काढला आणि त्यात बेंजोवाला झाला आमच्या लातूरचा रितेश देशमुख.

लातूर निघालंच आहे तर मुरुडबद्दल बोलतो. (लातूरचं मुरुड. समुद्र आणि जंजिरा शोधत येऊ नका, इथे सोयाबीन आहे.) बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी १९११ मध्ये लातूरला पोचली आणि १९२७ मध्ये तिचं दुसरं टोक पंढरपुरावरून मिरजेला. मुरुड याच लाईनवर. म्हणजे सतारीचं गाव आणि आमचं गाव एकाच रुळावर होतं, तेही भोपळ्यांच्या मुलखातून. आज मुरुडला कुणी पोराने घरी इलेक्ट्रिक गिटार करायची ठरवली तर त्याला काय काय मिळेल?

लाकूड मिळेल. मराठवाड्यात माळवदाची घरं होती. दगडमातीच्या जाड भिंती, वर सागवानी तुळया आणि त्यावर मातीचा थर. सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाने या घरांची अशी धास्ती बसली, की पुढे ज्याला जमलं त्याने स्लॅब टाकला. पण ते जुनं सागवान दोन-तीन पिढ्या वाळलेलं, आता सहसा न वाकणारं. ब्रायन मेची फायरप्लेस म्हणजे याहून वेगळं काय? फक्त साग तेलकट असतो, सांधा चिकटवण्याआधी थिनरने पुसून घ्यावा लागतो.

गणित फुकट आहे. तारेची लांबी ६४८ मिमी धरा. तिला १७.८१७ ने भागा, ३६.४ आलं, हा पहिला फ्रेट. उरलेल्या लांबीला परत १७.८१७ ने भागा, दुसरा. असं बारा वेळा केलं की बरोबर निम्म्यावर, ३२४ मिमीवर येता. एक्सेलमध्ये दोन मिनिटांचं काम. मात्र बाराव्या फ्रेटला १ मिमी चुकलात तर स्वर पाच सेंटने सरकतो (एका अर्ध्या स्वराचे सेंट शंभर) आणि कान ते पकडतो. म्हणून सुतार कितीही चांगला असला तरी फ्रेटच्या खुणा स्वतः करा.

पिकअपच्या गुंडाळीला साधारण आठ हजार वेढे लागतात. बोअरच्या जळालेल्या मोटरी रिवाइंड करणारी दुकानं आपल्या गावोगावी आहेत आणि वेढे मोजून तार भरणं हा त्यांच्या हातचा मळ. तत्त्व एकच, फक्त तार फार बारीक, ०.०६ मिमी. इंटरनेटवर ४२ गेज लिहिलेलं असतं ते अमेरिकन माप. आपल्याकडच्या एसडब्ल्यूजी मापात ते जवळपास ४६ होतं. दुकानात जाऊन ४२ मागाल तर दीडपट जाड तार हातात पडेल. बाकी ट्यूनिंगच्या खुंट्या, तारा, फ्रेटची पट्टी सरळ विकत आणा. त्यात कमीपणा नाही. पिकअप विकत घेऊन ब्रायन मे लहान झाला नाही.

बोशॅमने गुंडाळी केली, फेंडरने सांधा बदलला, मे बापलेकांनी नेक कोरली, मिरजेच्या कारागिराने जवारी काढली. बाकीचं सगळ्यांनी मिळेल तिथून आणलं. सुटे भाग कुणालाही मिळतात. कुठला भाग स्वतःच्या हाताने करायचा हे ज्याला कळलं, त्याच्या वाद्याला स्वतःचा आवाज आला. आपण मात्र मराठवाड्यातल्या पोराला आधी 'कुठल्या कंपनीची?' असं विचारतो आणि तिथेच त्याचा उत्साह मारतो. त्याऐवजी 'यातलं तू काय केलंस?' असं विचारलं तर?

तर मंडळी, पुढच्या वेळी गावी गेलात की रिवाइंडिंगच्या दुकानात जरा वेळ बसा. पिकअपची तार तिथे मिळायची नाही, ती पुण्या-मुंबईहून न्यावी लागेल. पण वेढे कसे मोजतात ते बघायला तिकीट लागत नाही.